पहिला नकार

"नको, नको, पुरे झालं आता," अभिनंदन मगदूम म्हणाला आणि रीतीप्रमाणे त्यानं ताटावर हात आडवा धरला.

तूप सोडलेली गरम पुरणपोळी घेऊन त्याची लेक ऋजुता समोर उभी होती. "बरं," ती म्हणाली आणि पोळी घेऊन परत स्वयंपाकघरात गेली. आतून डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. अभिनंदनचा हात अजून ताटावरच होता.

"अगं, नेलीस कुठं?"

"डब्यात ठेवली. नको म्हणालात."

"म्हणालो, पण ते तसं नव्हे गं. मी नको म्हणायचं, तू म्हणायचं, घ्या की बाबा, एकच. मग मी म्हणणार, बरं, अर्धी वाढ. मग तू अख्खी वाढायचीस. असं असतंय ते!"

"मग पहिल्यांदाच अर्धी हवी म्हणायचं," ऋजुता शांतपणे म्हणाली आणि पाणी प्यायला बसली.

तृप्तीला हसू आवरेना. नवऱ्याचं साड्यांचं दुकान होतं सांगलीच्या पेठेत. गिऱ्हाईक दहा वेळा नको म्हणून उठलं तरी हा त्याला हाताला धरून बसवायचा आणि अकरावी साडी उलगडायचा. अशा माणसाला स्वतःच्या घरात पहिल्याच नकाराला दाद मिळाली होती. शेवटी तिनंच उठून त्याच्या ताटात पोळी वाढली. अंधार पडायच्या आत जेवणं उरकायची त्यांच्या घरची पद्धत होती, तेव्हा रुसायलाही फारसा वेळ नव्हता. अभिनंदननं ती पोळी खाल्ली, पण लेकीनं वाढलेली नाही, हे दोनदा बोलून दाखवलं.

लेकीनं त्यातलं पहिल्यांदा बोललेलं तेवढं ऐकलं. दुसऱ्यांदा तो बोलला तेव्हा तिनं मानही वळवली नाही. तृप्तीनं ते पाहिलं आणि खरं सांगायचं तर तिला आत कुठंतरी अभिमानच वाटला. परीक्षेच्या तयारीसाठी लावलेली पट्टी चांगली बसली होती.

लिहिण्याचं काम माणसाच्या हातून गेलं त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. करारपत्रं, अहवाल, औषधांची माहितीपत्रकं, सगळं यंत्रंच लिहीत. इंग्रजीत लिहीत आणि मनसोक्त पाल्हाळ लावून लिहीत. यंत्राला ना दम लागतो ना कंटाळा येतो, त्यामुळे एकच गोष्ट तीन प्रकारे सांगायला त्याला काही वाटत नाही. माणसाकडे काम उरलं ते एवढंच, की यंत्राचं लिखाण वाचायचं, त्यातल्या चुका काढायच्या, फापटपसारा छाटायचा आणि खाली जबाबदारीची सही करायची. ही सही करायला कोण लायक आहे, हे एक परीक्षा ठरवत असे. तिचं लांबलचक इंग्रजी नाव कुणी घेत नसे. सगळे तिला नुसतं 'पात्रता' म्हणत. पात्रता निघाली की जगातल्या कुठल्याही कचेरीचं दार उघडं. नाही निघाली, तर बसा बापाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालत.

तृप्ती 'पात्रता'चे वर्ग घेत असे. व्याकरण आणि मजकूर-सुधारणा हा तिचा विषय, आणि तिच्या हातखंडा युक्त्या जिल्हाभर पाठ होत्या. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये कितीही गर्दी असली तरी ती बोटानं झाका आणि दोघांची थेट गाठ घालून बघा. दोन पर्याय सारखेच बरोबर वाटले, तर आखूड असेल तो घ्या. परिच्छेदाला ज्याचा उपयोग नाही ते वाक्य कितीही देखणं असो, त्याला बाहेरचा रस्ता दाखवा. आणि सगळ्यांत महत्त्वाची, फळ्यावर कायम लिहिलेली युक्ती: 'आधी आलंय? मग उडवा!' मुलं वर्गात एका सुरात ओरडत, "आलंय? उडवा!" आणि बाकावर थाप मारत.

पण युक्ती पाठ असणं वेगळं आणि घड्याळ डोक्यावर टिकटिकत असताना ती वेळेवर सुचणं वेगळं. परीक्षेत परिच्छेद एकामागून एक येऊन आदळत, आणि आलेलं वाक्य आधी येऊन गेलंय का, हे आठवण्यातच मुलांचा वेळ जाई. त्यावर उतारा म्हणून वर्गानं उजळणीपट्टी आणली. बोटभर रुंद, करड्या रंगाची, कपाळावरून दोन्ही कानांमागे जाणारी. वाचताना मेंदूचं लक्ष कुठल्या शब्दावर किती रेंगाळतंय, हे तिला कळे. आधी येऊन गेलेल्या मजकुरावर ते रेंगाळलं, की ती एक बारीकसा चुंबकीय स्पंद देऊन ते लक्ष तिथल्या तिथं मंद करी. मग झोपेत दिवसभराच्या या छाटण्यांची ती उजळणी करून घेई. ती बनवणारा संकेत आवटी तृप्तीचाच जुना विद्यार्थी. तो या प्रकाराला 'लक्षछाटणी' म्हणे. काही महिन्यांत पट्टीची गरजच उरत नसे. जे सांगून झालंय ते मेंदू आपोआप गाळू लागे. पी हळद नि हो गोरी असं आपण थट्टेनं म्हणतो. इथं हळदीच्याच गावात ते खरं झालं होतं.

पट्टी सगळ्यांत आधी ऋजुतानं लावली. वर्ग चालवणारे सर हो म्हणाले, आई हो म्हणाली, आणि मुलगी मुळात हुशार. तिचे गुण असे चढले, की वर्गाच्या दारावर तिचा फोटो लागला.

घरात मात्र बारीकसारीक गोष्टी बदलत गेल्या. पहिल्यांदा सांगितलेलं ती चोख ऐके. तेच पुन्हा सांगितलं, की सुरुवातीला म्हणे, "आई, हे सांगून झालंय." पुढं पुढं तेही म्हणेनाशी झाली, नुसती समोर बघत राही. मैत्रिणी जुन्या गमती पुन्हा पुन्हा सांगून हसत, तेव्हा ही त्यांच्यात पाहुण्यासारखी बसे. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. तृप्तीनं याला एकाग्रता असं नाव दिलं. आपल्याला सोयीचं असलं, की आपण कशालाही चांगलंसं नाव देतो.

परीक्षा महिन्यावर आली असताना एका संध्याकाळी तृप्ती वर्गात सराव चाचणी घेत होती. चाचणीच्या खोलीत शिक्षकांनाही फोन आणायला बंदी होती. घरी आली तेव्हा दिवेलागण होत आली होती. ऋजुता बैठकीत पट्टी लावून परिच्छेद सोडवत होती. झोपायच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत अभिनंदन पलंगाच्या कडेशी जमिनीवर पडला होता. एक हात दाराच्या दिशेनं पसरलेला होता. अंग गार पडायला लागलं होतं.

डॉक्टर आले आणि हृदयविकाराचा झटका म्हणाले. तासाभरापूर्वी आणलं असतं तर, असंही पुटपुटले. ऋजुता त्या रात्री एकदाच रडली, पण अशी रडली की तिला धरायला दोन माणसं लागली.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आपल्याकडे माणूस गेला, की येणारा प्रत्येक जण विचारतो, कसं झालं ओ? आणि घरच्यांनी दर वेळी पहिल्यापासून सांगायचं असतं. सकाळी डबा घेऊन गेले, हसत होते, मग असं असं झालं. सांगून सांगून ते दुःख हळूहळू तोंडात मावेल एवढं होतं. तृप्ती सांगत राहिली. ऋजुताला मात्र आत्यानं पहिल्यांदा विचारलं तेवढंच तिनं सांगितलं, आणि ते असं:

"बाबा दुकानातून लवकर आले. छातीत जळजळतंय म्हणाले. आत जाऊन पडले. मग त्यांनी हाक मारली. मी गेले. पाणी दिलं. डॉक्टरकडे जाऊया का, विचारलं. नको म्हणाले. मी येऊन अभ्यासाला बसले."

एकही शब्द जास्तीचा नव्हता. तृप्तीनं दुसरं कुणी असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. तिला मात्र त्यातल्या 'नको'वर पुढं जाववेना. तो कसा म्हणाला असेल, हे तिला ठाऊक होतं. 'नको गं, पित्त असेल.' मग लेकीनं म्हणायचं होतं, 'अहो बाबा, चला.' मग त्यानं म्हणायचं होतं, 'तुझा अभ्यास बुडेल.' मग तिनं डोळे वटारून म्हणायचं होतं, 'बुडू दे, उठा आधी.' आणि मग तो गुपचूप चपला शोधायला लागला असता. लग्नानंतर इतक्या वर्षांत हा माणूस एकदाही पहिल्या विचारण्याला हो म्हणाला नव्हता. चहालासुद्धा नाही.

त्याच दिवशी शेजारच्या बिरनाळेकाकू येऊन बसल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मी गॅलरीत कपडे काढत हुते. 'ऋजू, ए ऋजू' अशी हाक येत हुती की ओ. थोड्या वेळानं परत. परत. म्हटलं, पोरगी घरात हाय, बघंल. मग थांबल्या हाका. मला वाटलं, गेली वाटतं आत. माझं तरी मेलीचं पाय का वळलं न्हाईत इकडं!"

सगळ्यांच्या नजरा ऋजुताकडे गेल्या.

"एकदाच मारली काकू," ऋजुता म्हणाली. "मी गेले होते."

"एकदा कुठली बाळा? चार-पाचदा तरी..."

पण ऋजुताची नजर तोवर खिडकीबाहेर गेली होती. ती खोटं बोलत नव्हती. आईला तिचा चेहरा जन्मापासून वाचता येत होता, आणि त्या चेहऱ्यावर लपवाछपवीचा लवलेशही नव्हता. बिरनाळेकाकू खऱ्या होत्या आणि तिची लेकही खरी होती, हे तृप्तीला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी ती संकेत आवटीच्या प्रयोगशाळेत गेली. सुतकात बाहेर कशी पडतेस, असं नणंद म्हणाली, तरी ती निघाली. संकेतनं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, आम्ही वाचनासाठी बनवली होती. कानावर पडलेलंही ती गाळायला शिकेल, असं नव्हतं वाटलं. पण मेंदूला डोळा काय नि कान काय. लक्ष एकच असतंय."

"हाक तिच्या कानावर पडली नाही?"

"पडली. मेंदूत गेली, साठलीसुद्धा. फक्त लक्षाच्या दारातून आत आली नाही. पहिली हाक आत गेली. तिचं काम झालं, पाणी दिलं, प्रश्न विचारला, उत्तर आलं. म्हणजे विषय मिटला. मिटलेल्या विषयाचा पहिला शब्द ओळखीचा वाटला, की मेंदू पुढचं वाक्य कुठं चाललंय याची वाट बघत नाही."

"म्हणजे त्या सगळ्या हाका आत्ता तिच्या डोक्यात आहेत?"

संकेतनं होकारार्थी मान हलवली.

"हे उलटवता येतं?" तृप्तीनं विचारलं.

"येतं. पट्टी उलट्या क्रमानं चालवायची. गाळलेल्यावर लक्ष पुन्हा आणायला शिकवायचं. सहा-आठ महिने लागतील. यंदाची परीक्षा जाईल. आणि मॅडम, लक्ष परत आलं की साठलेलंही वर येणार. कुठलं कधी ते मला सांगता येणार नाही. पण येणार."

तृप्ती खुर्चीचा हात घट्ट धरून बसली होती. लेक बरी व्हायची, तर तिला बापाच्या हाका ऐकाव्या लागणार होत्या. एकामागून एक, सगळ्या. आणि त्या ऐकायच्या नसतील, तर ती जन्मभर अशीच राहणार होती. कुणी तिला दुसऱ्यांदा हाक मारली तर ती वळणार नाही. उद्या तिच्या पोटचं पोर रडलं, तर त्याचं पहिलं रडणं तेवढं तिला ऐकू येईल.

"नाही उलटवली तर?"

"परीक्षेपर्यंत असंच चाललं तर मग ते पक्कं बसेल. नंतर माझ्याही हातात काही राहणार नाही. आणि एक, तिची स्वतःची तयारी हवी. दुसऱ्याचं लक्ष आपल्याला ओढून आणता येत नाही, ज्याचं त्यानंच द्यायचं असतं. कशासाठी हे सगळं करायचं, ते तिला माहीत असलं पाहिजे." मग खाली बघत तो हळूच म्हणाला, "मुलांचे गुण वाढतायत एवढंच बघितलं आम्ही. तुम्हीसुद्धा."

त्याला ताडकन काही सुनवावं असं तिला वाटलं. पण सुनवणार काय? आपलेच दात, आपलेच ओठ.

घरी परतताना रिक्षात तिनं सगळं ठरवलं. सांगायचं. आडपडदा न ठेवता सांगायचं. आपण तिला जवळ घेऊ, पाठीवरून हात फिरवू, आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू आणि मग सांगू. बाबांनी तुला परत हाका मारल्या होत्या बाळा, तुला ऐकू आल्या नाहीत. यात तुझा दोष नाही, माझा आहे. आपण दोघी मिळून हे निस्तरू. हाका आठवतील तेव्हा मी शेजारी असेन. परीक्षा गेली खड्ड्यात. शब्द न् शब्द तिनं घोकला. शिक्षिका होती ती, तयारीत कधी कमी पडली नव्हती.

घरात त्या वेळी लेकीशिवाय कुणी नव्हतं. नणंद शेजारी गेली होती. ऋजुता बैठकीत होती, पट्टी हातात होती, कपाळावर नव्हती. आई आत येताच ती उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं. कितीतरी महिन्यांत तृप्तीनं तिला अशी गोंधळलेली पाहिली नव्हती. बिरनाळेकाकूंचं वाक्य अर्धवट का होईना, पण आत गेलं होतं आणि सलत होतं.

"आई," ती म्हणाली. आवाज लहानपणीसारखा झाला होता. "बाबांनी मला परत हाक मारली होती का?"

दार उघडलं होतं. जे सांगायला तृप्ती आली होती, तेच लेक विचारत होती. पण उंबऱ्यातच, पायातल्या चपला काढायच्या आत, समोर उभ्या पोरीचे भरलेले डोळे बघून तिच्या तोंडून निघून गेलं:

"नाही गं बाळा. नाही."

जन्मभराची जिभेची सवय ती. कुणी दुखावलेल्या डोळ्यांनी विचारलं, की आधी नाही म्हणायचं. समोरच्याला जरा धीर येतो. मग तो पुन्हा विचारतो, खरंच? खरं सांग. मग आपण त्याला खाली बसवतो, पाण्याचा पेला हातात देतो आणि हळूहळू खरं सांगतो. हे असं असतं. तृप्तीला खोटं बोलायचं नव्हतंच. तिला फक्त एक पायरी हवी होती, पुढचं बोलायला.

ती चपला काढून थांबली. 'खरंच ना?' एवढे दोन शब्द आले असते तरी पुरे होतं.

"बरं," ऋजुता म्हणाली. तिचे आखडलेले खांदे सैल झाले, डोळे पुसले गेले, चेहरा पुन्हा नितळ झाला. ती खुर्चीत बसली आणि तिनं पट्टी कपाळावर चढवली.

"ऋजू, थांब. ऐक. बाबांची हाक..." तृप्ती धावत पुढं आली. तिनं लेकीचे दोन्ही दंड धरले. "बाबांनी हाक मारली होती ऋजू. मी चुकीचं बोलले. बाबांनी..."

ऋजुतानं तिच्याकडे पाहिलं. मायेनं पाहिलं. तिच्या हातावर हात ठेवून थोपटलंही. पण बाबा आणि हाक हे दोन शब्द कानावर पडताच तिची नजर आईच्या चेहऱ्यावरून घसरून पडद्यावरच्या परिच्छेदाकडे गेली. तृप्तीनं दंड हलवले, नाव घेतलं, बिरनाळेकाकूंचं नाव घेतलं, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मुलीचं बोट पडद्यावर एकेक ओळ खोडत राहिलं.

तृप्ती तिच्या पायाशी जमिनीवर बसली. शब्द मांडण्या-बदलण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. तीच गोष्ट निराळ्या शब्दांत कशी सांगावी, हे तिच्याएवढं या गावात कुणाला येत नव्हतं. पण फक्त पहिल्यांदा सांगितलेलंच ऐकणाऱ्या या लेकीला, बापाचं नाव न घेता, हाक हा शब्द न उच्चारता, त्या संध्याकाळचं खरं पहिल्यांदा सांगितल्यासारखं आता कसं सांगायचं?